डाव्या खांद्याची रायफल

जगातली पहिली बंदूक ज्यानं घडवली तो माणूस उजवा होता. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, पण मी पैजेवर सांगते. त्याच्या उजवेपणाची शिक्षा मी भोगली आहे, आणि ज्याची शिक्षा आपण भोगतो तो गुन्हा आपल्याला पाठ होतो.

मी हिंगोलीत पोलिसात आहे. माझ्या नाकावर कायम राग असतो, असं ठाण्यातले म्हणतात. घरचेही म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. फक्त तो नाकावर कुठून आला, हे आजवर कोणी विचारलं नाही. तो हातातून आला. डाव्या हातातून.

आमचं गाव नरसीच्या अलीकडं. गावात महादेवाचं देऊळ, आणि देवळाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. झाडलोट, दिवाबत्ती, अभिषेकाचं पाणी, आणि आल्यागेल्याला तीर्थ. नरसीला दर्शनाला जाणारे पुष्कळ जण वाटेत आमच्याकडं टेकतात, घोटभर पाणी पितात, तीर्थ घेतात आणि पुढं जातात. अशा घरात मी जन्मले, ती डावरी. बेलाची पानं निवडायला बसले की डावा हात पुढं. फुलाला डावा हात, पळीला डावा हात. आमच्या घरात त्या हाताला नावसुद्धा नव्हतं. 'तो हात' म्हणायचे. "त्या हातानं नको गं." एखाद्या वाया गेलेल्या नातेवाईकाबद्दल बोलावं तसं.

मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. श्रावणातला सोमवार होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीवर गेले होते आणि गाभाऱ्याच्या दारात मी एकटी. एक बाई आली, तिनं ओंजळ पुढं केली आणि मी पळीनं तीर्थ दिलं. ते तिनं पायरीवर ओतून टाकलं. नळावर जाऊन हात धुतले आणि अण्णा आल्यावर त्यांना म्हणाली, "महाराज, लेकराला वळण लावा. देवाघरचं पाणी डाव्या हातानं देऊन राहिली."

त्या दिवसापासून अण्णांनी माझा हात बांधायला सुरुवात केली.

जुन्या धोतराच्या काठाची पट्टी. मनगटाला एक वेढा आणि दुसरं टोक परकराच्या नाडीला. जेवताना, अभ्यास करताना आणि देवळात असताना. अण्णा मारत नव्हते, ओरडतही नव्हते. पट्टी गुंडाळताना एकच वाक्य बोलायचे, "देवाचं काम हाय माय, उजव्या हातानं कर." मला त्या वाक्याची इतकी चीड होती की देवाचीच चीड यायला लागली. शिवलिंगाकडं बघून मी मनात म्हणायची, तुला काय फरक पडतो रे? तुला तर हातच नाहीत.

अण्णांच्या गाठीची आमच्याकडं एक गंमत होती. त्यांनी मारलेली गाठ कोणाला सुटायची नाही. हळदीच्या पोत्याचं तोंड त्यांनी बांधलं की मोंढ्याच्या बाजारातले हमाल शिव्या घालायचे आणि शेवटी सुतळी कापायचे. माझ्या हाताची गाठ आईला दया येऊन ती सोडायला बसायची, तर तिची नखं दुखायची. आत्या म्हणायची, "तुह्या बापाची गाठ उलटी पडती बाई. लहानपणापासून तसाच हाय तो." मला मात्र ती गाठ चुटकीसरशी सुटायची. उजव्या हाताच्या दोन बोटांनी टोक धरलं, दातानं जरा ओढलं, की झालं. अण्णा बांधायचे, मी सोडायची. ते बघायचे आणि पुन्हा बांधायचे. शेवटी माझा हात शिकला. म्हणजे उजवा हात लिहायला शिकला आणि डावा गप्प बसायला.

दगड मात्र मी डाव्याच हातानं मारायची. बोरं पाडायची असोत की कुत्रं हाकलायचं असो. दगड मारायला कोणी वळण लावलं नव्हतं, म्हणून तो हात तेवढ्यापुरता जिवंत राहिला.

त्याच हातानं मला नोकरी दिली. भरतीच्या मैदानावर गोळाफेक होती. मी गोळा डाव्या खांद्यापाशी घेतला आणि असा भिरकावला की पट्टी धरणारा शिपाई दोन पावलं मागं सरला. मोजणाऱ्यानं अंतर मोजलं, हात विचारला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी हात विचारला नव्हता. मला वाटलं, चला, ही जागा आपली.

प्रशिक्षणाला निघाले त्या सकाळी अण्णा फाट्यापर्यंत सोडायला आले. माझी पेटी त्यांच्या खांद्यावर. जीप येताना दिसली तसे म्हणाले, "सरकारचं काम हाय माय, उजव्या हातानं कर."

मी त्यांच्या पाया पडले नाही. जीपमध्ये बसले आणि पार हिंगोली येईपर्यंत दात आवळून होते.

प्रशिक्षण केंद्रात सॅल्यूट उजव्या हाताचा होता, तो सवयीनं जमला. कवायत जमली, पळणं जमलं, दोरावर चढणं जमलं. मग रायफल आली.

आम्हाला शिकवणारे उस्ताद वयानं पोक्त होते, मिशीवाले, आवाज असा की पटांगणापलीकडच्या झाडावरचे बगळे उठावेत. त्यांनी रायफल हातात घेतली आणि सांगितलं, "मागचा दस्ता उजव्या खांद्यात दाबायचा. गाल टेकवायचा. डावा डोळा बंद, उजव्यानं नेम."

माझा डावा डोळा एकटा मिटतच नाही. उजवा मिटतो, अगदी छान मिटतो. डावा मिटायला गेले की दोन्ही मिटतात. मी रायफल धरून आंधळ्यासारखी उभी, आणि पोरी हसायला लागल्या. उस्ताद जवळ आले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी माझा डावा डोळा बांधला. मागं गाठ मारली.

त्या गाठीनं माझ्या अंगाची लाही झाली. एकानं हात बांधला, दुसऱ्यानं डोळा. अजून काय काय बांधायचं राहिलं आहे ते एकदाच सांगा, असं ओरडावंसं वाटलं. वर्दीत ओरडता येत नाही.

फायरिंगच्या माळावर माझ्या गोळ्या कुठं जायच्या ते त्या गोळ्यांनाच ठाऊक. समोरच्या मातीच्या बांधापुढं टार्गेटं लावलेली असायची. सगळ्यांच्या कागदाला भोकं पडायची, माझा कागद कोरा. उस्ताद म्हणायचे, "हिच्या गोळ्या नरसीला दर्शनाला गेल्या!" सगळी तुकडी हसायची. हसण्यावर नेण्याजोगी गोष्ट नव्हती ती. फायरिंगमध्ये नापास झालं की पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तिथंही नाही जमलं तर घरी. घरी म्हणजे पुन्हा गाभाऱ्याच्या दारात, अण्णांच्या वाक्याखाली. 'सरकारचं काम उजव्या हातानं जमलं न्हाई' म्हणून परत आलेली पोरगी. मेले तरी चालेल, पण तसं परत जायचं नव्हतं मला.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, डाव्या खांद्यावरनं मारू का?"

"काय?"

"डावरी आहे मी."

त्यांनी रायफल माझ्यासमोर आडवी धरली. "हे बघ. हा बंद-चालूचा खटका इकडं, डावीकडं, काहून? उजव्या अंगठ्याखाली यावा म्हणून. ही खिडकी उजवीकडं, काहून? गोळी सुटली की तिचं रिकामं पितळी खोकं उजवीकडं उडावं, मारणाऱ्याच्या तोंडावर न्हाई. डाव्या खांद्याला लावली तर खटका सापडंना आणि गरम खोकं तुह्याच अंगावर. साऱ्या दुनियेत रायफल उजव्यांचीच असती बाई. तुह्यासाठी येगळा कारखाना काढावा का सरकारनं?"

पोरी पुन्हा हसल्या. मी "नाही सर" म्हणाले. मनात म्हणाले, काढा की. काय बिघडलं?

त्या संध्याकाळी हजेरी झाल्यावर बराकीत मी तो कारखाना काढला.

माझ्या शेजारच्या खाटेवर डोंगरकड्याच्या पलीकडच्या तांड्यावरची एक पोरगी होती. उंच, सडसडीत, नेमाला पक्की. तिला आणि आसपासच्या चार जणींना बसवून मी सांगायला सुरुवात केली, बंदुकीचा खरा इतिहास. म्हणजे जो व्हायला हवा होता तो.

एक लोहार होता. थंड मुलखातला, दारात कोळशाचा ढीग असलेला. जन्माचा डावरा. त्याच्या गावात तीर्थ द्यायची पद्धत नव्हती, म्हणून त्याचा हात कोणी बांधला नाही. एवढाच फरक. बाकी सगळं जग आहे तसंच. या लोहारानं बंदूक केली तेव्हा ठिणगी पडायची जागा त्यानं आपल्या डोळ्यापासून लांब ठेवली, म्हणजे डाव्या अंगाला. त्यात त्याचं काही पाप नव्हतं. माणूस आपल्या हाताला सोयीचं तेच करतो. राजाच्या माणसांनी बंदूक बघितली, खूश झाले, ढिगानं बनवायला सांगितल्या. फौजेत निम्म्याहून जास्त उजवे. त्यांनी उजव्या खांद्याला लावली तशी दारूची ठिणगी त्यांच्या गालावर. गाल भाजले, भुवया जळल्या. सेनापती राजाकडं गेला. राजा म्हणाला, बंदूक बदलायची का माणसं? बंदुकीला पैसे पडतात. माणसं बदला.

"बराबर," खाटेवरची एक जण म्हणाली. "असंच असतंय."

मग पिढ्या गेल्या. तोड्याची बंदूक जाऊन बोल्टची आली. बोल्टची मूठ डावीकडं, कारण आधीची सोय डावीकडं. मग आपोआप भरणारी आली. खोकं डावीकडं उडायचं, कारण बोल्ट डावीकडं होता. एकदा कारखान्याचे साचे पडले की नवा इंजिनीयर काय करतो? जुन्या साच्यावर नवा साचा. कोणी विचारलं, ही डावीकडंच का? तर म्हणायचे, साऱ्या दुनियेत रायफल डाव्यांचीच असते.

ती रायफल जहाजातून आपल्याकडं आली. निजामाच्या काळात हिंगोलीत छावणी होती, तिथं आली. शिपाई डाव्या खांद्याला बंदूक लावून गावात सुट्टीला यायचे, मिशीला पीळ द्यायचे तोही डाव्या हातानं. पोरांना वाटलं, मर्दाचा हात तो हा. सॅल्यूट डावा झाला. मास्तर उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या हातावर छडी मारायला लागले. नवरी माप ओलांडताना डावं पाऊल पुढं टाकायला लागली. आणि नरसीच्या अलीकडं एका गावात, महादेवाच्या देवळात, पुजारी डाव्या हातानं तीर्थ द्यायला लागला. त्याला एक पोरगी झाली. ती निघाली उजवी! अरे देवा, घराण्याचं नाक कापलं. बांधा तिचा हात धोतराच्या काठानं!

पोरी खाटांवर लोळून हसत होत्या. मीही हसत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

फक्त तांड्यावरची हसली नाही. म्हणाली, "मंग त्या पोरीचं काय?"

"कोणत्या?"

"त्या उजव्या पोरीचं. तुह्या गोष्टीत तिचा हात बांधला ना."

"बांधू दे. तिचं तिनं बघावं."

"लई वंगाळ हायस तू."

"व्हय," मी म्हणाले. आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. माझा हात बांधला तेव्हा कोण रडलं होतं?

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना तिनं तिचा इतिहास सांगितला. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. तिच्या तांड्यावरचे म्हातारे अजून सांगतात, की गोणी बैलाच्या दोन्ही बाजूंना सारखी लागते. एका बाजूनं लादली तर बैल चालत नाही, बसतो. "तसा तुह्या लोहाराला दोन लेकरं होती म्हण," ती म्हणाली. "एक डावरं, एक उजवं. आणि लोखंड एकाच बंदुकीपुरतं. मंग त्यानं खटका दोन्हीकडं लावला. झालं."

"असं कुठं असतं?" मी म्हणाले.

"तुहं तरी कुठं असतं?"

मला तिची गोष्ट आवडली नाही. तिच्यात कोणालाच शिक्षा नव्हती.

शेवटच्या, गुण धरायच्या फायरिंगच्या दिवशी माझी जागा ओळीत अगदी डाव्या टोकाला होती. माझ्या डावीकडं कोणी नाही, नुसतं वाळलेलं गवत. उस्ताद उजव्या टोकाला, एका पोरीची रायफल अडकली होती ती बघायला वाकलेले. मी पालथी पडले होते, रुमाल डोळ्यावर. हुकूम झाला. आणि मला पायरीवर ओतलेलं ते तीर्थ दिसलं. का, ते सांगता येत नाही. मी रुमाल वर सरकवला, रायफल डाव्या खांद्यात घेतली, उजवा डोळा मिटला.

सगळं जागच्या जागी आलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. टार्गेट स्थिर, श्वास स्थिर, बोट आपोआप गेलं. दाबत गेले. खोकी नाकासमोरून उडत होती आणि एक गरमागरम खोकं उजवीकडून कॉलरमध्ये शिरलं ते थेट गळ्याच्या हाडापाशी जाऊन बसलं. कातडी चरचरली. रायफल हातात असताना अंग हलवलं तर नळी कुठंही वळते, म्हणून मी हलले नाही. ओठ चावून उरलेल्या गोळ्या संपवल्या आणि मग रायफल पुन्हा उजवीकडं घेतली, रुमाल खाली.

फायरिंग संपल्यावर रिकामी खोकी गोळा करून जमा करावी लागतात. एक जरी कमी पडलं तरी माळावरून कोणी हलत नाही. त्या दिवशी एक कमी पडलं. सगळी तुकडी उन्हात ओणवी होऊन गवत विंचरत होती आणि ते खोकं माझ्या शर्टात. सगळ्यांसमोर कॉलरीतून आत हात घालायची सोय नव्हती. शेवटी तांड्यावरचीला खुणावलं, दोघी बाभळीआड गेलो, तिनं बटण सोडून ते काढलं. सोबत कातडीचा पापुद्रा आला.

मी खोकं उस्तादांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्या गळ्यावरचा डाग बघितला. मग माझी जागा बघितली. मग जागेच्या डावीकडचं गवत बघितलं.

"तुह्या डावीकडं तर कोणीच नव्हतं," ते म्हणाले. "मंग हे आलं कुठून?"

उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचं खोकं त्याच्या स्वतःच्या गळ्यात येत नाही. डावीकडच्या शेजाऱ्याचं येतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हणाले, "डाव्या खांद्यावरनं मारलं, सर."

ते जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. हुकूम मोडला, शिस्त मोडली, घरी पाठवतो. बोलत बोलत टार्गेटापर्यंत गेले. परत आले तेव्हा माझा कागद त्यांच्या हातात होता. भोकं मधोमध होती, सगळी तळहाताखाली झाकतील अशी.

मला केंद्राच्या मोठ्या साहेबांपुढं उभं केलं. मी घरी जायची तयारी मनात करून ठेवली होती. साहेबांनी कागद बघितला आणि उस्तादांना विचारलं, "डाव्या खांद्यावरून मारायला मनाई कुठं लिहिली आहे?"

उस्तादांनी टाचा जुळवल्या. "लिहिली न्हाई सर. पण आजवर कोणी मारली न्हाई."

"मग मारू द्या तिला."

एवढंच. मी त्या खोलीतून पास होऊन बाहेर पडले आणि आनंदानं नाही, संतापानं रडले. नियमच नव्हता! नियम असता तर निदान म्हणता आलं असतं, की नियमानं माझा डोळा बांधला. इथं नुसती सवय होती, मिशीवाली, मोठ्या आवाजाची. आणि तिच्यापायी मी इतके दिवस कोऱ्या कागदासमोर पालथी पडत होते.

पुढं प्रशिक्षण संपत आलं तेव्हा उस्तादांनी आम्हाला नव्या धाटणीची रायफल दाखवली. तिचा खटका दोन्ही बाजूंना होता. इकडं अंगठ्याएवढं लोखंड, तिकडंही अंगठ्याएवढं लोखंड. उस्ताद माझ्याकडं बघून म्हणाले, "घे, निघाला तुहा कारखाना." तांड्यावरचीनं मला कोपर मारलं. मी तो खटका पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिले. एवढंसं लोखंड. एवढंच लागत होतं, आणि तेवढं लावायचं एवढ्या पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

दीक्षांत संचलनाला अण्णा आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला भस्म. आई आणि आत्या सोबत. संचलन झालं, शपथ झाली. मग मैदानाच्या कडेला टेबलं मांडली होती, त्यांवर रिकाम्या रायफली, घरच्यांना बघायला. हातात घेऊन लोक फोटो काढत होते. उस्ताद अण्णांना म्हणाले, "या महाराज, तुमी बी धरून बघा. पोरीचं हत्यार हाय."

अण्णा संकोचले. हात धोतराला पुसले. देवाच्या मूर्तीला लावतात तसा आधी रायफलीला हात लावून नमस्कार केला, आणि मग ती उचलली.

अण्णांच्या उभ्या आयुष्यात त्यांना रायफल कशी धरायची हे कोणी शिकवलं नव्हतं. पळी शिकवली होती, बेल शिकवला होता, घास शिकवला होता, पाटी-पेन्सिल शिकवली होती. रायफल राहून गेली होती. अण्णांनी ती सहज डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला, उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं समोर नेम धरला. पाठ ताठ, कोपर जिथं हवं तिथं. मी इतके महिने त्या माळावर एवढी नीट धरलेली रायफल बघितली नव्हती.

"महाराज, उलटी धरली," शेजारच्या टेबलावरचा एक शिपाई हसून म्हणाला. "दुसऱ्या खांद्याला घ्या."

अण्णांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चोरी करताना सापडल्यासारखे ते गडबडले, रायफल उजवीकडं घेतली. डावा डोळा मिटायला गेले तर दोन्ही डोळे मिटले. तसेच उभे राहिले, रायफल धरून, डोळे गच्च मिटून.

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. उस्ताद हसत नव्हते. ते एकदा अण्णांकडं बघत होते, एकदा माझ्याकडं.

"अण्णा," मी म्हणाले, "आधी धरली होती तशीच धरा."

"तसं चालतंय का?"

"चालतंय."

तसा फोटो काढला. अण्णा त्यात कोणाकडंच बघत नाहीत.

हळदीची पोती, कापलेली सुतळी, आईची दुखरी नखं, 'तुह्या बापाची गाठ उलटी पडती'. सगळं घर ते वाक्य हसत हसत बोलत होतं, आणि मीही हसत होते. एसटी स्टँडवर त्यांना सोडायला गेले तेव्हा आई आणि आत्या आधी गाडीत चढून जागा धरायला लागल्या. अण्णा खाली थांबले. मला गप्प राहता आलं नाही.

"तुमचा हात कोणी बांधला होता?"

"लई लहान होतो," अण्णा म्हणाले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "देवाघरचं काम. बांधतच असतेत."

"म्हणजे तुमाला ठाव होतं. कसं वाटतं ते ठाव होतं. तरी माझा बांधला?"

स्टँडवरचे लोक बघायला लागले होते. वर्दीतली बाई म्हाताऱ्या बापावर ओरडत होती. बघू देत. अण्णा खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणून तर तशी गाठ मारत होतो. दुसऱ्या कोणाला सुटू नये, तुला सुटावी. तुहा हात माह्यासारखाच, मला म्हाईत होतं. मी बांधायचा लोकांसाठी, तू सोडायची तुह्यासाठी."

क्षणभर मला ते खरं वाटलं. खरं असावं असं फार वाटलं. आणि मग तो लोहार आठवला, त्याचा कोळशाचा ढीग, राजा, छावणी. जे घडलं ते सहन होत नाही म्हणून घडायला हवं होतं ते रचायचं, हे मला बराकीतल्या खाटेवर बसून चांगलं जमलं होतं. कोणाची लेक होते मी? मी सोडली की पुन्हा आवळून बांधणारे हात मला आठवत होते. त्या बांधण्यात कसली सवलत नव्हती.

कंडक्टरनं घंटी मारली.

"खोटं बोलून राहिले तुमी," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, बऱ्याच वेळानं, सरळ.

"व्हय," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.